ह्यांचं स्वतःचं वाक्य

आमच्या ह्यांना काहीही विचारा, उत्तर दुसऱ्याच कुणाचं तरी येतं. भाजीत मीठ जास्त पडलं तर एखादे संत, मुलीला मार्क कमी पडले तर परदेशातला कुणी विचारवंत. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझा सगळा संसार या थोर माणसांच्या गर्दीत झाला. भांडायचं म्हटलं तरी पंचाईत. नवऱ्याशी भांडता येतं, संतांशी कोण भांडणार?

करोल बागेतल्या आमच्या मराठी मंडळात मात्र ह्यांना फार मान. गणपती असो की कुणाचा निरोप समारंभ, भाषण ह्यांचंच. इथे वाढलेल्या मुलांना त्यातले अर्धे शब्द कळत नसत, तरी टाळ्या जोरात पडायच्या. त्या रात्री हे जेवतानाही खुशीत असायचे.

हे रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. पुण्यात माझ्या धाकट्या भावानं त्याच्या शेजारचाच फ्लॅट हेरून ठेवला होता. मला जायचं होतं. मला माझ्या माणसांत राहायचं होतं, दुपारी दार उघडं टाकून कुणाशी तरी मराठीत बोलत बसायचं होतं. भाऊ सारखा फोन करायचा, "ताई, भाऊजी काय म्हणतात?"

भाऊजी काय म्हणणार! एके दिवशी जन्मभूमीवर श्लोक म्हणाले, दुसऱ्या दिवशी वैराग्यावर ओवी. हो की नाही, ते काही कळेना. मी अगदी कंटाळून गेले होते.

थंडीचे दिवस होते. मुलगी सासरहून आली होती. आम्ही तिघं बाहेर उन्हात मटार सोलत बसलो होतो आणि तिनंच विषय काढला. ह्यांनी घसा खाकरला, तशी ती म्हणाली, "बाबा, प्लीज यार, किसी का कोटेशन नको आता. तुम्हाला काय वाटतं, बस एवढंच सांगा."

ह्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग खाली बघत म्हणाले, "मला नाही जायचं. पुण्यात माझ्यासारखं बोलणारे गल्लोगल्ली आहेत. तिथे माझं कोण ऐकणार?"

मुलगी हसली. मला आधी राग आला, अस्सा राग आला, आणि मग त्यांच्याकडे बघवेना. थोरामोठ्यांना मी इतकी वर्षं मनातल्या मनात उलट उत्तरं दिली होती. ह्याला काय उत्तर देणार?

संध्याकाळी भावाला फोन करून फ्लॅट नको म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं, ते सांगितलं नाही. तो रागावला, तो अजून रागावलेलाच आहे.

आता आम्ही नोएडात असतो. पाहुणे विचारतात, पुण्याला का नाही गेलात? हे लगेच घसा खाकरून कुणाचं तरी काहीतरी ऐकवतात आणि पाहुणे माना डोलावतात. मी चहाचे कप गोळा करते. ह्यांचं स्वतःचं असं एकच वाक्य माझ्या वाट्याला आलं, आणि त्यापायी मी माझं पुणं सोडलं.