घराचं तोंड

पुण्याला निघाले त्या सकाळी माझी गादी घराच्या तोंडातच अडकली. घाटनांदूरच्या आमच्या घरात शिरायचं ते जेमतेम एक माणूस जाईल अशा बोळातून, आणि मागे मात्र ऐसपैस अंगण. मी आतून ढकलत होते, बाबा बाहेरून ओढत होते, आणि गाडी चुकेल म्हणून आई दोघांवरही ओरडत होती. गादी सुटली तेव्हा बाबा घाम पुसत म्हणाले, "घराचं तोंड गाईवानी बारीक आसावं, बाई. आलेली बरकत लवकर भाईर जात न्हाई." लेक तर चाललीच की, असं मी मनात म्हटलं. स्टेशनवर मात्र पोटभर रडून घेतलं.

आता मी वाघोलीत फरशीच्या शोरूममध्ये काम करते. येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवते, "सर, खर्च म्हणून बघू नका, घराची रीसेल व्हॅल्यू वाढते." दुसऱ्याला रोज सांगितलं की हळूहळू आपल्यालाही पटतं. बाबा गेल्यावर शेजाऱ्याने आमच्या दारालगतची रिकामी पट्टी विकायला काढली. मी ती घेतली, बोळ मोडला, आणि पुढे अंगणापेक्षाही रुंद ओटा, जाळीचं गेट, खांबांना चकचकीत टाइल्स असं झकास एलिव्हेशन करून घेतलं. मला आकाश ठेंगणं झालं होतं. आई एवढंच म्हणाली, "तुह्या बापानं कावून बारीक ठिवलं आसंल, त्याचा इचार तरी कर." पण ओटा तिलाही लागला. दुपारी गल्लीतल्या बाया शेंगा फोडायला तिथेच जमायच्या आणि आई त्यांच्या मधोमध बसायची.

मग आईच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी अंबाजोगाईला जावं लागतं. शेजारची मंगल तिला रिक्षात बसवून देते. परत आल्यावर तिला उंबरा ओलांडणंही जड जातं. माझी भाड्याची खोली चौथ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. गावचं घर विकलं तर लिफ्टवाल्या इमारतीत छोटी जागा होईल, मग आई माझ्याजवळ राहील. दुसरा मार्ग मी शोध शोध शोधला. नाही सापडला.

धर्मापुरीचे एक कापड दुकानदार घर बघायला आले, तेव्हा मी रजा टाकून गेले होते. मी त्यांना टाइल्सचा ब्रँड सांगत होते आणि ते पावलं टाकत घराची पुढची बाजू मोजत होते. मग मागे जाऊन अंगण मोजून आले. चहा घेतला आणि शांतपणे म्हणाले, "ताई, घर लई देखणं हाय. पर म्होरं रुंद आन् मागं बारीक, हे वाघमुखी झालं. दुकानाला चाललं आसतं, ऱ्हायाला न्हाई चालत. आन् ह्या गल्लीत दुकान कोन टाकतंय? फरशी काय, कुनीबी बसवतंय."

मी विचारलं, आता काय करू? ते म्हणाले, "व्हतं तसं करा. मग बगू."

मी तिथेच रडायला लागले. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. "कावून रडतीस? पाड म्हनावं त्यो ओटा. मी आत बसंन."

ओटा पाडला. खांब पाडले. पट्टीच्या कडेने भिंत घालून घर पुन्हा गायमुखी केलं. तोवर त्या दुकानदारांनी परळीत दुसरं घर घेतलं होतं. आता येतो तो भिंतीवरचे घाव बघतो आणि विचारतो, पाडलं कावून? खरं सांगावं तर वाघमुखी होतं हे कळतं, आणि खोटं सांगितलेलं चेहऱ्यावर दिसतं. बायाही आता येत नाहीत, बोळातून मागच्या अंगणापर्यंत कोण येणार?

माझ्यासारखे गाव सोडून आलेले बरेच जण गावच्या घराला रंग देतात, वर स्लॅब टाकतात. हौस असते, जीव असतो त्यात. करा. पण घर कुणासाठी सजवताय ते आधी ठरवा, कारण राहणाऱ्याचा डोळा वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा. बाबांना घर म्हणजे बरकत वाटायची. मला आता घर म्हणजे आईला माझ्यापर्यंत आणायचा एकुलता एक रस्ता आहे, आणि तो कुणीच विकत घेत नाही. कधीकधी कामावर टाइल पुसता पुसता वाटतं, हातातली आपटावी खाली.

पूर्वी फोनवर मी आईला आधी विचारायचे, जेवलीस का? आता विचारते, कुणी आलं होतं का घर बघायला? कालही तेच विचारलं. ती म्हणाली, न्हाई. मग विचारलं, डायलिसिस नीट झालं ना?

आई म्हणाली, "गेले न्हाई मी. मागल्या बारीबी गेले न्हवते. कुनी घर बघाया आलं आन् दाराला कुलूप दिसलं, तर माघारी जाईल की, माय."