डावखुऱ्यांचं बंदर

मी समुद्र चुकीच्या बाजूला काढला. एका चित्रात नव्हे, वीसच्या वीस चित्रांत.

रत्नागिरीत फ्लेक्स आला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. तोवर दुकानांच्या पाट्या, आंब्याच्या पेट्यांवरची नावं, गणपतीमागचे पडदे हे सगळं मी रंगवत असे. मग बाजारात एकाने फ्लेक्सचं मशीन बसवलं, आणि लोक मला बोलावू लागले ते मीच रंगवलेली पाटी उतरवून द्यायला. पालीला बायकोच्या भावाचं सिमेंटचं दुकान. त्याचा निरोप आला, "भावोजींना म्हणावं, गल्ल्यावर येऊन बसा." माणूस भला. पण त्या गल्ल्यावर एकदा बसलो की ब्रश पुन्हा हातात येणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात पुण्याच्या दोन इंजिनियर मुलांचं काम आलं. त्यांतल्या एकाने आजोळी माझा गणपतीचा पडदा पाहिला होता. त्यांनी एक खेळ रचला होता. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी कुणी योद्धा, कुणी मांत्रिक व्हायचं आणि फासे टाकून पुढचं ठरवायचं. जग संपूर्ण मनाचं. त्या जगाचं पुस्तक निघणार होतं आणि त्यातली चित्रं माझी. जमलं तर पुढच्या पुस्तकांचं कामही मलाच. म्हणजे पाली टळली.

पावसाळाभर मी त्याच जगात राहिलो. कागद दमट व्हायचा, तो शेगडीच्या धगीवर धरून वाळवायचा आणि पुन्हा बसायचं. माझ्या ड्रॅगनला शेजाऱ्यांनी घोरपड म्हटलं, तेही गिळलं. वीस चित्रं झाली. नमुना म्हणून एकाची झेरॉक्स पुण्याला पाठवली आणि फोन आला.

"काका, समुद्र डावीकडे कसा?"

"मग कुठे असणार?"

"अहो, आपलं बंदर पूर्वेला आहे! सूर्य समुद्रातून उगवतो, पहिला किरण किल्ल्याच्या दारावर पडतो आणि दार उघडतं. सगळा खेळ त्यावर आहे. बाकीच्या चित्रांत बरोबर आहे ना?"

त्यांचा मजकूर मी तीनदा वाचला होता, मान डोलावून वाचला होता. पण समुद्र पश्चिमेला, म्हणजे कागदाच्या डावीकडे, आणि पूर्वेला घाट, घाटापलीकडे कोल्हापूर, हे हाताला इतकं पाठ की मनाच्या जगातही त्याने तेच काढलं.

"परवा छपाई आहे, काका. नाही जमलं तर इथेच कुणाकडून कॉम्प्युटरवर करून घेतो."

एका दिवसात वीस चित्रं पुन्हा काढायला मला वीस हात हवे होते. चित्रं पिशवीत घातली आणि ज्या दुकानाची पायरी चढणार नाही असं सगळ्या गावाला ऐकवलं होतं, ती चढलो.

"या, पेंटर!" फ्लेक्सवाला म्हणाला. "आज कसे पाय लागले?"

सांगितलं. तो हसला नाही, हे मला जास्त लागलं. त्याने चित्रं स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतली, एक बटण दाबलं आणि समुद्र उजवीकडे गेला. मावळतीचा सूर्य उगवतीचा झाला. सगळी चित्रं आरशातल्यासारखी उलटवून त्याने सीडी करून दिली, वर छापील प्रतीही दिल्या.

घरी येऊन त्या प्रती ओटीवर मांडल्या आणि एकेक बघू लागलो. योद्ध्यांच्या तलवारी डाव्या हातात. राजा डाव्या हाताने आशीर्वाद देतोय, पुजारी डाव्या हाताने तीर्थ देतोय. राजवाड्याच्या पंगतीत राणी डाव्या हाताने वाढतेय. समुद्र सुधारला आणि माणसं बिघडली. पालीचा गल्ला मला डोळ्यांसमोर दिसू लागला, त्याच्यामागे मी, आणि माझ्यामागे पोत्यांची थप्पी.

फोन वाजला. "झालं का काका? चित्रं संध्याकाळच्या एसटीत येतायत ना?"

"येतायत," मी म्हटलं. "पण एक आहे. तिथली माणसं सगळी डावखुरी झाल्येत."

"डावखुरी? का?"

काय सांगणार? स्वयंपाकघरात बायको विळीवर बसली होती. ती डावखुरी. चिरणं, शिवणं सगळं डाव्या हाताने, फक्त वाढताना उजवा. कारण ती नवी नवरी असताना माझी आई रोज म्हणे, "उजव्या हाताने वाढ गो, पानावर माणसं बसलीयेत."

"कारण," मी म्हटलं, "त्या बंदरात कुणी कधी कुणाच्या हातावर चापट मारून हात बदलायला लावला नाही."

तिकडे दोघांची कुजबुज झाली. मी फोनची वायर बोटाला गुंडाळत बसलो, बोट काळंनिळं व्हायची वेळ आली.

"काका, हे भारी आहे! पुस्तकात तसंच लिहितो. पाठवा."

फोन ठेवला. पाली टळली होती. बायको पदराला हात पुसत ओटीवर आली. एकेक चित्र बघत पंगतीपाशी थांबली. मला वाटलं, डोळे भरून आले असतील. थोडी वाटही बघितली मी.

"अहो," ती म्हणाली, "समुद्र फिरवलात, सूर्य फिरवलात, माणसांचे हात फिरवलेत. आणि एवढं करून तिथंपण वाढत्येय ती बाईच?"