अटी वाचणाऱ्या अक्का

अक्का कुठल्याही गोष्टीला वाचल्याशिवाय हो म्हणत नसत. शाळेत परिपत्रक आलं की आम्ही बाकीच्या शिक्षिका चहा पिता पिता सह्या करून मोकळ्या व्हायचो; अक्कांच्या टेबलावर ते मधल्या सुट्टीभर अडकून पडायचं. लग्नपत्रिकासुद्धा त्या खालच्या बालगोपाळांच्या नावांपर्यंत वाचत आणि मग विचारत, "हा चिन्मय कोण गं? मागच्या पत्रिकेत नव्हता." शिपाई कंटाळून म्हणायचा, "अक्का, करा ना सही." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "सही माझी आहे ना? मग घाई तुला का?"

पाचोऱ्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत अक्का गणित शिकवायच्या, मी विज्ञान. नव्वदचं दशक सरत आलं होतं. जळगावात कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि आपल्या मुली मागे पडतील ही धास्ती सगळ्यांत आधी अक्कांनी घेतली. संस्थेच्या अध्यक्षांकडे, म्हणजे कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींकडे, त्या इतक्या वेळा गेल्या की शेवटी शेठजींनी चार कॉम्प्युटर शाळेला देऊन टाकले. शिवणकामाची खोली रिकामी झाली, पडदे लागले, दाराशी चपला काढायची पाटी लागली.

कॉम्प्युटर सुरू करून द्यायला जळगावहून एक तरुण विक्रेता आला. त्याने सीडी घातली आणि पडद्यावर इंग्रजी मजकूर येताच खालचं 'मान्य आहे'चं बटण दाबलं.

"थांबा," अक्का म्हणाल्या. "काय मान्य केलंत?"

"मॅडम, ते कुणीच वाचत नाही."

"मग मी वाचते."

त्याला पुन्हा मागे जावं लागलं. अक्का शब्दकोश घेऊन बसल्या. तो बिचारा दोनदा बाहेर जाऊन चहा पिऊन आला. वाचून झाल्यावर अक्कांनी चष्मा काढला. "यात लिहिलंय की एका मशीनला एक प्रत विकत घ्यायची. तुमच्याकडे तर चारही मशीनना मिळून ही एकच सीडी, आणि तिच्यावर नाव पेनाने लिहिलंय."

"सगळीकडे असंच चालतं, मॅडम."

"चालत असेल. पण मी वर्गात नक्कल केलेलं गणित खोडते. इथे कोणत्या तोंडाने शिकवू?"

कॉम्प्युटर झाकले गेले. ज्या बाईने ते मागून आणले तिनेच कुलूप लावलं, म्हणून स्टाफरूममध्ये बरंच हसू झालं. शेठजीही वैतागले. "अक्काजी, डबा दिला, आता डब्यातलं पण मीच भरू?" दिवाळीची सुट्टी गेली तरी खोली बंदच. मुली खिडकीच्या फटीतून आत बघत आणि अक्का त्या वाटेने जाणं टाळत.

मग कुणीतरी त्यांना जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्राध्यापकांचं नाव सुचवलं. आम्ही दोघी पॅसेंजरने गेलो. त्या सद्‌गृहस्थांनी सगळं ऐकलं आणि एक सीडी पुढे केली. "ही लिनक्स. कॉम्प्युटर चालवायची सिस्टीमच आहे, पण कुणाच्या मालकीची अडवणूक नाही. घेऊन जा."

"अटी?" अक्कांनी विचारलं.

ते हसले आणि त्यांनी अटींचे कागद छापून दिले. परतीच्या गाडीत अक्का वाचत होत्या. शिरसोली गेलं, म्हसावद गेलं. माहेजीच्या अलीकडे त्या एकदम मोठ्याने हसल्या, समोरची बाई दचकली. "मंगल, अगं लिहिलंय काय बघ! वापरा, उघडून बघा, बदला, प्रती काढा आणि दुसऱ्याला द्या. दुसऱ्याचीही तीच मोकळीक अडवू नका, एवढंच. ही काय अट झाली? हे तर संक्रांतीचं वाण झालं, लुटा म्हणतायत!"

ते वाण मशीनमध्ये घालताना मात्र आमचा घाम निघाला. कधी पडदा काळा, कधी माउस मुका. शाळा सुटल्यावर आम्ही रोज बसायचो. मी रडकुंडीला आले की अक्का म्हणायच्या, "ते काय म्हणतंय ते वाच आधी. ओरडतंय म्हणजे बोलतंय." एका संध्याकाळी निळा पडदा उजळला आणि त्यावर बाण हलला, तेव्हा अक्कांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. मुली आल्या, शिकल्या. चूक दाखवणारा संदेश आला की घाबरण्याऐवजी खुर्च्या सरकवून एकमेकींना वाचून दाखवू लागल्या.

पालकसभेत मात्र बोदवडकडून इथे राहायला आलेले एक आप्पा उभे राहिले. त्यांची मुलगी दहावीत होती. मूळचे धुळ्याकडचे असल्याने ते अहिराणीतच बोलले, "अक्का, बठ्ठा जगमा दुसरंच चालस. मनी पोर हाई शिकीसन काय करी? नोकरी कोन देई?"

सगळ्या जगात दुसरंच चालतं, मग हे शिकलेल्या पोरीला नोकरी कोण देणार, हे बाकीच्या पालकांच्याही मनात होतं. अक्का त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, "आप्पा, तुमनं म्हननं खरं शे. मी खोटं नई सांगस." नोकरीची हमी त्यांनी दिली नाही. आप्पा खाली बसले, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलीसकट काही मुली येईनाशा झाल्या.

त्याच हंगामात शेठजींच्या जिनिंगमधला कॉम्प्युटर व्हायरसने बसला. त्यांनी अक्कांना बोलावलं, "ते तुमचं इथे घालून बघा." आम्ही घातलं. सिस्टीम छान चालली, पण त्यांचा हिशेबाचा प्रोग्राम तिच्यावर काही केल्या उघडेना. शेठजी म्हणाले, राहू द्या, सवय होईल. अक्कांनी मान हलवली. "नाही शेठजी. तुमच्या कामाला हे आज उपयोगी नाही. पूर्वीचंच रीतसर विकत आणून घाला."

"आपलाच माल नको म्हणणारी बाई पहिल्यांदा पाहिली," शेठजी म्हणाले. त्यांनी विकत आणलं, आणि आणताना एक प्रत शाळेलाही आणली. एका मशीनवर ती, उरलेल्या तिन्हींवर लिनक्स, असं ठरलं. आप्पांची मुलगी परत आली. दोन्ही शिकली.

अक्का निवृत्त झाल्या आणि धुळ्याला बहिणीकडे राहायला गेल्या. वर्ष उलटायच्या आत नवा अभ्यासक्रम आला, नवे शिक्षक आले आणि माझा विरोध असूनही तिन्ही मशीनवरचं लिनक्स पुसलं गेलं. हे अक्कांना दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मी धुळ्याला गेले. त्या खाटेवर होत्या, वाळल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं.

"पोरी काय म्हणाल्या?"

"रुसल्या. दोघीतिघी सीडी मागत होत्या."

"दिलीस?"

"दिली."

"बरं केलंस," एवढंच म्हणाल्या, आणि मला ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी वाढायला बहिणीला सांगितलं.

परीक्षा संपल्यावर त्या मुलींनी नव्या सरांच्या मागे लागून एक मशीन मागून घेतलं आणि माझी मदत न घेता ते पुन्हा उभं केलं. मी धावत जाऊन धुळ्याला फोन लावला. बहिणीने उचलला. अक्का त्याच आठवड्यात गेल्या होत्या; पाचोऱ्याला कळवायचं राहून गेलं होतं.

जे सांगायला फोन केला होता तेच मी बहिणीला सांगत सुटले: मुली, मशीन, निळा पडदा. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही समजत नव्हतं. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पुन्हा सांगा, बाई. सावकाश सांगा."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.