नंबर झाकणारा फोटो

फुलंब्रीच्या कचरू गवंड्याची मुलगी सुलेखा शहरात क्रांती चौकातल्या एका छोट्या ऑफिसात वेबसाइट बनवायची. एचटीएमएलमध्ये मजकूर रचायचा, सीएसएसमध्ये त्याचं रूप ठरवायचं. चार वर्षांत तिचा हात चांगला बसला होता.

त्या सोमवारी सकाळी तिनं एका मंडळासाठी बनवलेलं, रक्तदात्यांची नावं आणि फोन नंबर देणारं पान सुरू झालं. मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी हट्टानं आपला भलामोठा फोटो असा लावून घेतला होता, की पान कितीही सरकवलं तरी तो जागचा हलू नये.

"लहान मोबाइलवर हा फोटो नंबर झाकतोय," सुलेखा म्हणाली होती. ऑफिसचे मालक प्रणय यांनी डोळे वटारले, तसा तिनं फोटो तसाच ठेवला.

अकराच्या सुमारास ऑफिसचा फोन वाजला. पानाच्या तळाशी डावीकडे ऑफिसचा नंबर होता, तो बघून लासूर स्टेशन गावचा बन्सी दवाखान्यातून बोलत होता.

"ताई, बायकोचं सीझर करायचंय. ओ निगेटिव्ह रक्त आणा म्हणत्यात. तुमच्या पानावर नावं दिसत्यात, पण नंबरच दिसंना! नुसता फोटोच पुढं येतोय."

"दादा, फोन ठेवू नका. मी सांगते, लिहून घ्या."

तिनं तीन नंबर दिले आणि लगेच सीएसएसची फाइल उघडली.

"आप्पासाहेबांना विचारल्याबिगर हात लावायचा नाय," प्रणय म्हणाले.

"सर, विचारायला वेळ नाय."

फोटो जागेवर धरून ठेवणारी ओळ तिनं खोडली, फाइल वेबसाइटवर चढवली आणि आपल्या मोबाइलवर पान पुन्हा उघडलं. फोटो जागचा हलला नव्हता! मोबाइल आधी साठवलेली जुनीच फाइल धरून बसलाय, हे क्षणभरानं ध्यानात आलं. मोबाइलला नवी फाइल घ्यावीच लागेल म्हणून तिनं फाइलचं नाव बदललं, एचटीएमएलमध्ये नवं नाव घातलं. पान उघडलं. फोटो खाली गेला होता, एकेका नावासमोर नंबर दिसत होता.

संध्याकाळी बन्सीचा पुन्हा फोन आला. "पहिला नंबर बंद होता, दुसरा माणूस पुण्याला. तिसरे मोतीराम मास्तर तडक आले, ताई. मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

तोवर फोटो खाली गेल्याची आप्पासाहेबांची तक्रार येऊन गेली होती. प्रणय यांनी मंडळाचं काम तिच्याकडून काढून घेतलं.

"चालेल सर," सुलेखा म्हणाली. मग मोरीत जाऊन तिनं तोंड धुतलं आणि नळ सुरूच ठेवून पोटभर रडून घेतलं.