उन्हावरचा भात

मी घरात सूर्यचूल आणली आणि भांडुपच्या आमच्या तीन मजली इमारतीला फुकटची करमणूक मिळाली. आम्ही तळमजल्याला, ऊन तीन जिने वर गच्चीवर. म्हणजे ती पेटी घेऊन मी पहिल्यांदा वर चढले तेव्हाच प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं होतं.

दिसायला ती एक मोठी चौकोनी पेटी. आतून काळी, वर काचेचं दुहेरी झाकण, आणि त्याच्या मागे उभा करायचा आरसा. काळे डबे आत ठेवायचे, पेटी उन्हाकडे तोंड करून लावायची आणि आपल्या कामाला निघायचं. दोन-तीन तासांत डाळ-भात तयार. एका प्रदर्शनात मी स्वतः त्यातला भात खाल्ला होता, त्यामुळे मला शंकाच नव्हती. मला मुळात शंका कमीच येतात. नवरा म्हणायचा, हा तुझा आजार आहे.

पण हौस म्हणून नव्हती हो आणली! सासूबाईंना दमा होता. गॅसचा नंबर लावून आम्ही वर्षानुवर्षं वाट बघत बसलेलो, आणि तोवर सगळा स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीला चिकटलेली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, बाईंना या धुरापासून लांब ठेवा, नाहीतर येता पावसाळा जड जाईल. मी सकाळच्या शाळेत शिकवायची, नवरा कारखान्यात. सकाळ-संध्याकाळचं मी बघायची, पण दुपारचं जेवण सासूबाईच करायच्या आणि खोकत खोकत करायच्या. मला त्यांचा तो दुपारचा स्टोव्ह बंद करायचा होता, बस्स.

त्यांना पेटी दाखवली तर त्यांनी काचेवर बोट वाजवून बघितलं. त्या मालवणकडच्या, बोलणंही तिकडचंच.

"उन्हान भात शिजता, तर आमच्या आवशीन जन्मभर चूल कित्याक फुकल्यान गो?"

"आई, तुमचा धुराचा त्रास..."

"माका कसलो त्रास? माका काय जावक नाय!" असं म्हणाल्या आणि पाच मिनिटं खोकल्या.

इमारतीचं तर विचारूच नका. सेक्रेटरी म्हणाले, आरशाची तिरीप समोरच्या बिल्डिंगमध्ये जाईल, तक्रार येईल. कुणी म्हणालं, असला भात पोटात गेला की फुगतो. दुसऱ्या मजल्यावरची वहिनी तर रोज जिन्यात गाठायची. "काय गं मास्तरीणबाई, आज सूर्य ड्यूटीवर आहे ना?" मी म्हणायची, "आहे, आणि तुझ्या नवऱ्यापेक्षा वेळेवर येतो!" तीही खो खो हसायची, पण विश्वास कुणाचाच नव्हता. मला मात्र अजिबात लाज वाटत नव्हती. उलट जेवढे जास्त हसतील तेवढी मी पेटून उठायची.

शेवटी मी सासूबाईंशी पैज लावली. ओळीनं आठ दिवस दुपारचा भात आणि डाळ गच्चीवर नीट शिजली, तर त्यांनी दुपारी स्टोव्हला हात लावायचा नाही. एक दिवस जरी कच्चं राहिलं तर पेटी माळ्यावर, आणि मी पुन्हा तोंड उघडणार नाही. त्या लगेच "बरा" म्हणाल्या. त्यांना वाटलं, दोन दिवसांत सूनबाई जमिनीवर येईल.

सकाळी साडेसहाला मी डबे भरून पेटी लावायची आणि आरसा दहाच्या उन्हाच्या अंदाजानं वळवून ठेवायची. पाऊण वाजता शाळेतून आले की पर्ससकट थेट गच्ची. पहिल्या दिवशी झाकण उघडलं आणि वाफ तोंडावर आली, तेव्हा मी एकटीच "झकास!" म्हणून ओरडले. सात दिवस गेले. सासूबाई मुकाट जेवत होत्या, फक्त डाळीला धुराचा वास नाही म्हणून चव लागत नाही, असं म्हणत होत्या.

आठव्या दिवशी वर गेले तर काचेवर चौघडी केलेलं जुनं लुगडं पसरलेलं. चारही कोपऱ्यांवर दगड. ऊन आत जाणार कुठून? डब्यातले तांदूळ नुसते फुगून पाण्यात बसलेले.

माझं डोकं फिरलं. जिन्यात उभी राहून मी अख्ख्या इमारतीला ऐकवलं. "समोर येऊन बोला की! चोरून काय करता? एका बाईचा जीव चाललाय धुरानं, आणि तुम्हाला मस्करी सुचते?" सेक्रेटरींचं नाव घेऊन बोलले. वहिनीच्या दाराशी जाऊन तर जास्तच बोलले.

वहिनी बाहेर आली. हसत नव्हती. लुगड्याकडे बघून म्हणाली, "कोणावर ओरडतेस? तुझी सासू रोज येऊन बसते पेटीपाशी. कावळे हाकलते काठीनं. आज दम लागला म्हणून हे टाकून खाली गेली. मीच हात धरून पोचवलं तिला."

त्यांच्या गावात वाळवण उन्हात घातलं की कावळ्यांच्या भीतीनं वर लुगडं टाकतात. सुकी मासळी असो, कोकम असो, बाई उठून गेली की लुगडं पडलंच. इथेही त्यांनी तेच केलं होतं. काचेतून कावळा काय नेणार? पण उन्हाचं गणित मी त्यांना कधी समजावलंच नव्हतं. मी फक्त पैज लावली होती.

खाली आले. त्या चटईवर उशाला टेकून बसल्या होत्या, छाती वरखाली होत होती.

"आई, रोज तीन जिने चढत होता?"

"मगे? तुझो हट्ट काय कावळ्यांच्या ताब्यात देवचो?"

मला रडू फुटलं. ज्या बाईचा दम वाचवायला मी ही पेटी आणली, तिलाच आठ दिवस जिने चढायला लावत होते, आणि वर स्वतःला शहाणी समजत होते. डोळे पुसले आणि काडेपेटी घेतली. "तुम्ही जिंकलात. स्टोव्ह पेटवते. तुम्हाला भूक लागली असेल."

त्यांनी माझा हात धरला.

"नको पेटवू, बाये. त्या वासान माझो जीव घुसमटता."

इतक्या वर्षांत हे त्या कधीच कुणाला म्हणाल्या नव्हत्या, मुलाला नाही, डॉक्टरांना नाही. मी काडेपेटी खाली ठेवली आणि वहिनीला हाक मारली. तिची माफी मागितली, मग दोघींनी मिळून पेटी तीन जिने उतरवून आमच्या दारासमोरच्या अंगणात आणली. तिथे ऊन यायचं ते दुपारी एकनंतर दोन-तीन तासच, वेळेवरच्या जेवणाला उपयोगाचं नाही, म्हणून मी आधी गच्ची धरली होती. शिवाय अंगण म्हणजे सेक्रेटरींची येण्याजाण्याची ऐन वाट. त्यांनी बघितलं आणि बाजूनं गेले.

सासूबाई उंबऱ्यात बसून राहिल्या. चार वाजता भात शिजला आणि आम्ही तिघी तिथेच जेवलो.