तोंकाचा दोर कोण धरणार?

शनिवारच्या सहलीचा बेत आखायला कुझमा गुरुवारी दुपारी बसला, आणि शुक्रवारी जेवायची वेळ झाली तरी उठायचं नाव घेईना. स्वयंपाकघरातल्या टेबलावर समुद्राचा नकाशा, नकाशावर चष्मा, चष्म्याशेजारी पाणी घातलेल्या तांबड्या वाईनचा पेला. पेल्याच्या बुडाचं एक लालसर कडं झीर्ये बेटावर उमटलं होतं, ते तसंच राहू दे म्हणाला. जेवण तिथेच होतं. शिबेनिक बंदरातून नऊला निघायचं, झ्लारिन बेटापाशी तासभर पोहायचं, झीर्येच्या दक्षिणेकडच्या खाडीत ओळखीच्या माणसाकडे जेवायचं आणि पाचच्या ठोक्याला परत.

त्याची बायको दिंका हातात कढई घेऊन नकाशावर वाकली.

"ही रेघ इथे सातव्या महिन्यातल्या बाईसारखी का फुगलीय?"

"कुठे?"

"कप्रिये बेटापाशी. सरळ गेलास तर अर्धा तास वाचेल."

"तिथे प्रवाह आहे."

"प्रवाह नाही, तुझा भाऊ आहे."

कुझमाने चष्मा घातला, काढला, पुसला आणि परत घातला.

त्रेसष्ट वर्षांपूर्वी कप्रियेवर त्यांच्या आईला जुळे झाले, तेव्हा नावांवर कुणी डोकं चालवलं नाही. आमच्याकडे जुळे मुलगे झाले की जोडीच्या संतांची नावं तयारच असतात: पहिला कुझमा, दुसरा दामजान. कुझमा अकरा मिनिटांनी थोरला, आणि ही अकरा मिनिटं त्याने जन्मभर लष्करी हुद्द्यासारखी मिरवली. चौदाव्या वर्षी दोघे बापाच्या जहाजावर चढले. जहाजाचं नाव तोंका, म्हणजे त्यांच्या आजीचं. आजोबांनी बांधलेलं हे ओकच्या लाकडाचं जहाज पोटाने रुंद, चालीने मंद आणि वळवायला आजीइतकंच अवघड. आधी त्यातून वाईनची पिंपं गेली, मग वाळू गेली, आणि वाळूही संपली तेव्हा पर्यटक आले. कुझमा म्हणतो, वाळू बरी, ती फोटो काढत नाही.

बाप गेला तेव्हा वाटणी शहाण्यासारखी झाली. जहाज कुझमाला, कप्रियेवरचं घर, खाणावळ आणि धक्का दामजानला. माशी शिंकली ती शिडापाशी. बापाचं जुनं शीड घराच्या माळ्यावर होतं. कुझमा म्हणे, शीड म्हणजे जहाज, ते माझं. दामजान म्हणे, माळा म्हणजे घर, ते माझं. एका जूनमध्ये कुझमा पाहुणे घेऊन धक्क्याला लागला, तर बापाचं शीड कापून, शिवून, खाणावळीच्या टेबलांवर सावलीला ताणलेलं, आणि त्याखाली कुणी तरी आइस्क्रीम खातंय. कुझमाने दोर सोडला आणि पाहुण्यांना उपाशी परत आणलं.

त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. सप्टेंबरात संत कुझमा-दामजानाच्या सणाला दोघे एकाच चर्चमध्ये येतात. पाद्री म्हणतात, "शेजाऱ्याला शांतीचा हात द्या," आणि नेमक्या त्याच वेळी दोघांच्याही बुटांच्या नाड्या सुटतात.

एवढं सगळं असलं तरी कुझमाने कप्रिये टाळून धंदा केला असता. पण पाण्यात सोडणाऱ्या घसरगुंड्या लावलेली नवी फायबरची जहाजं आली आणि तोंकाचे बाक रिकामे राहू लागले. हिवाळ्यात एक हॉटेलवाला येऊन जहाजाला फेरी मारून गेला. त्याला तोंका जमिनीवर चढवायची होती, आणि पोटाला दार पाडून आत पिझ्झाची भट्टी बसवायची होती. कुझमाने त्याला हाकललं, पण त्याचं कार्ड फाडलं नाही, हे दिंकाने पाहून ठेवलं होतं. आता एकच आशा होती. झाग्रेबच्या एका सहल कंपनीला मोसमभर बुधवार-शनिवारी लाकडी जहाज हवं होतं. शनिवारी कंपनीच्या विश्न्याबाई चौतीस निवृत्त शिक्षकांना घेऊन परीक्षा घ्यायला येणार होत्या. जमलं तर तोंका पाण्यात, नाही तर पिझ्झा.

"उद्या यूगो सुटला तर?" दिंकाने विचारलं. यूगो म्हणजे दक्षिणेचा वारा, झीर्येच्या त्या खाडीत तो सरळ तोंडातून घुसतो. "लपायला कप्रियेची उत्तर बाजू सोडून दुसरी जागा दाखव मला."

"नाही सुटणार."

"माझा गुडघा म्हणतोय सुटेल."

"तुझा गुडघा दामजानच्या बाजूचा आहे," कुझमा म्हणाला आणि नकाशाची घडी घातली.

शनिवारी सकाळी अंगणातल्या फरशीला घाम फुटला होता. मीठ बरणीतून हलेना; यूगोच्या आधी हवा अशीच दमट होते. कुझमाने दोन्ही पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

विश्न्याबाई पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्या सुकाणूजवळच्या बाकावर गुडघ्यावर कागद घेऊन बसल्या आणि दोर सुटला ती वेळ त्यांनी लिहिली. नऊ वाजून चार मिनिटं. ती चार मिनिटं भरून काढायला कुझमाने इंजिन जरा जास्तच रेटलं.

झ्लारिनपर्यंत ठीक होतं. शिक्षक मंडळी पोहली, एकमेकांच्या पोहण्यातल्या चुका काढल्या, कोरडी झाली. पण झ्लारिन मागे पडलं आणि लाटा बदलल्या. लांब, गुळगुळीत, दक्षिणेकडून येणाऱ्या. आकाश धुवायच्या पाण्यासारखं झालं. गाणं म्हणणारे शिक्षक एकेक करत गप्प झाले. विश्न्याबाईंचा चेहरा आधी पांढरा आणि मग हिरवट झाला, पण पेन चालूच.

शिमे हा तोंकावरचा पंचवीस वर्षांपासूनचा खलाशी, तोंडाने त्याहून जुना. तो जहाजाच्या पुढच्या नाळेवरून मागे आला. कप्तानाला आमच्याकडे बार्बा म्हणतात.

"बार्बा, त्या झीर्येच्या खाडीत आज मासासुद्धा मुक्काम करणार नाही."

"बघू जवळ जाऊन."

"जवळ जाऊन बघण्यासारखं काही नाही. इथूनच पांढरं दिसतंय."

खरंच दिसत होतं. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. सरळ घरी फिरायचं तर चौतीस उपाशी माणसं आणि दोन तास बाजूने लाटा खाणं. पुढे जायचं तर खडक. मध्ये कप्रिये; त्याच्या उत्तरेला शांत पाणी, एक धक्का आणि एक माणूस. दिंका खालून वर आली आणि सुकाणूपाशी उभी राहिली.

"काय ठरवलंस?" दिंकाने हळूच विचारलं.

"यूगोत माणसाचं डोकं फिरतं, काही ठरवू नये. जुनी माणसं कायदेसुद्धा करत नसत."

"मग सुकाणू सोड. मी ठरवते."

एक मोठी लाट आली. खाली कपाटातल्या बश्या सगळ्या एकदम बोलल्या. एक म्हातारे शिक्षक बाकावरून घसरले, त्यांना दोघांनी धरलं. कुझमाने त्या शिक्षकांकडे पाहिलं आणि सुकाणू उजवीकडे फिरवलं. विश्न्याबाईंनी घड्याळ पाहून काहीतरी लिहिलं.

कप्रियेच्या आडोशाला लाटा थांबल्या, पण वारा थांबला नाही. टेकडीवरून तो झोत मारत खाली येत होता, एकदा इकडून, एकदा तिकडून. तोंकाला धक्क्याला लावायचं म्हणजे पुढून नांगर टाकायचा, पाठीने मागे यायचं आणि किनाऱ्यावर दोर द्यायचा. शिमे नांगरापाशी, कुझमा सुकाणूवर, दिंका मागच्या कठड्याशी दोर घेऊन. धक्क्यावर दामजान उभा होता. कमरेला एप्रन, हात कमरेवर. तोच चेहरा, तेच नाक, फक्त पोट एका माणसाचं जास्त.

आमच्या किनाऱ्यावर एक रीत आहे. धक्क्यावर उभ्या माणसाने येणाऱ्या जहाजाचा दोर धरायचा, मग तो शत्रूचा का असेना. न धरणाऱ्याला पुढे कुणी माणसात गणत नाही. पण त्यासाठी कप्तानाने हाक द्यायची. हाक न देता दोर फेकतो त्याला मदत नको असते, आणि नको असलेली मदत करणं हा अपमान.

दिंकाने दोर फेकला. तो दामजानच्या चपलांपासून दोन हातांवर पडला, जरा थांबला आणि सरपटत पाण्यात गेला. दामजानने त्याला जाताना पाहिलं.

"हाक दे ना!" कुझमा दात आवळून दिंकाला म्हणाला.

"फेकायचं काम बायकोचं. हाक कप्तानाची."

"शिमे!"

"मी नांगर धरलाय बार्बा! आणि घरच्या भानगडीत मी पडत नाही!"

वाऱ्याचा झोत आला आणि तोंकाची पाठ डावीकडे सरकली. तिकडे धक्का संपून खडक सुरू होतात, काळे, शेवाळलेले. कुझमाने दिंकाला सुकाणूवर ढकललं, दोर ओढून घेतला, वेटोळी केली आणि स्वतः फेकला. तोंड बंद. फेक सुरेख होती, थेट दामजानच्या छातीवर आदळली. दामजानने हात कमरेवरून हलवले नाहीत. दोर एप्रनवरून घसरून पाण्यात.

"अरे, हा माणूस बहिरा आहे का?" कुणी शिक्षक म्हणाले. दुसरे एक, व्यायामाचे निवृत्त मास्तर, कठड्यावर पाय टाकून म्हणाले, "मी उडी मारतो!"

"मारू नका काका, गुडघा जाईल," दामजान किनाऱ्यावरून शांतपणे म्हणाला. म्हणजे बहिरा नव्हता, मुकाही नव्हता.

खडक आता इतके जवळ आले होते की त्यांच्यावरचे शिंपले मोजता यावेत. दिंका इंजिनाला पुढे रेटत होती, आणि वाऱ्याने नांगराची साखळी ताणली जाऊन कण्हत होती. पायाखालच्या लाकडाची धडधड कुझमाच्या टाचांतून वर चढत होती. त्याने तिसऱ्यांदा दोर ओढला. ओला दोर जड झाला होता. त्याने तो डोक्यामागे नेला आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते हाक नव्हती, नऊ वर्षांचं साचलेलं काहीतरी फुटलं होतं.

"दामजाऽऽन! धर रे, मेल्या!"

दोर धक्क्याच्या पार कडेला पडत होता. दामजान त्या पोटासकट असा झेपावला की एक चप्पल पाण्यात गेली. त्याने दोर हवेत धरला, लोखंडी खुंटाला दोन वेढे मारले आणि पाय रोवून ओढला. तोंका थांबली, थरथरली, आणि आज्ञाधारक गाढवासारखी मागे यायला लागली. खडक हातभरावर राहिले.

"ओरडतोस कशाला?" दामजान धापा टाकत म्हणाला. "मी काय बहिरा आहे?"

"मग आधी का नाही धरलास?"

"अकरा मिनिटांनी थोरला कोण? आधी हाक कुणी मारायची?"

"जहाज फुटलं असतं!"

"तू फोडलं असतंस. आणि ती गाठ काय मारलीय दोराला? बाप बघतोय वरून."

"तुझ्या वेढ्यांवरही बघतोय!"

हे भांडण माणसं उतरेपर्यंत चालू राहिलं. शिक्षकांनी मन लावून ऐकलं. त्यांना वर्गात एवढा आवाज चढवून दहा वर्षं झाली होती. मग बांगडे भाजले गेले. पाला-बटाट्याची भाजी आली, तेलाने चकाकणारी. चौतीस माणसं जेवली आणि रंगावर आली. कुझमा मात्र धक्क्यावरच खुंटावर बसून राहिला. दिंकाने त्याचं ताट तिथे आणून दिलं, त्याला हात लागला नाही. पाचला परत जाणं गेलं होतं. वारा पडेपर्यंत निघता येत नव्हतं. बेत फाटला होता, आणि तो बेत तपासायला आलेली बाई कागद घेऊन त्याच्याकडेच येत होती.

"कप्तान," विश्न्याबाई म्हणाल्या. चेहरा आता माणसाचा झाला होता. "तुमच्या कागदावर जेवण झीर्येला होतं."

"होतं."

"याआधी दोन जहाजं पाहिली. दोन्ही वेळा वारा आला. दोघे कप्तान कागदावर लिहिलंय म्हणून पुढे गेले. मला फक्त एवढंच बघायचं होतं, मागे फिरतो कोण." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "बुधवार आणि शनिवार. जेवण इथेच. खाणावळीच्या मालकाचा मोबाइल नंबर लागेल."

कुझमाने थंड झालेल्या ताटातला बांगडा उचलून तोडला.

"दामजान!" दिंकाने हाक मारली. "नंबर सांग तुझा!"

दामजान भट्टीपाशी, दोन्ही हातांत बांगडे. "मला कुठे पाठ असतो? मी मला फोन करत नाही!"

मग कुझमा समुद्राकडे तोंड करून एकेक आकडा सांगायला लागला. शून्य, नऊ, आठ. सावकाश, न अडखळता, शेवटपर्यंत. दिंका त्याच्याकडे बघत राहिली. ज्याला नऊ वर्षांत एकदाही फोन केला नाही, त्याचा नंबर तोंडपाठ.

"शेवटी नऊ आहे," भट्टीवरून आवाज आला.

"सात."

"माझा फोन आहे! नऊ!"

"सात म्हणतो ना!"

विश्न्याबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी कुझमाने सांगितलेला, सातवालाच नंबर फिरवला. दामजानच्या एप्रनच्या खिशात फोन वाजायला लागला. त्याने एक बांगडा ताटात टाकला, तेलकट बोटाने कसाबसा फोन उघडला आणि कानाला लावला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

कुझमाने बाईंच्या हातातून फोन घेतला. भावाकडे पाठ तशीच.

"मी," तो म्हणाला. "सात."