मामा रांगतो तेव्हा

अख्ख्या पश्चिम उपनगरात साठी उलटल्यावरही झकास रांगू शकणारा एकच माणूस आहे आणि तो माझा सख्खा मामा आहे. हे मी अभिमानाने सांगतेय; कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कुणाच्या घरी सबवूफर आला रे आला, की मामाला फोन जातो, आणि नाही गेला तर मामाचा फोन येतो. सबवूफर म्हणजे गाण्यातला फक्त खालचा, घुमणारा आवाज काढणारा तो जडशीळ खोका. बाकीची माणसं त्याला टीव्हीशेजारी जागा दिसेल तिथे ढकलतात, वर मनीप्लांट ठेवतात आणि वायर खुपसून मोकळी होतात. मामाच्या मते हे म्हणजे नव्या सुनेला थेट माळ्यावर बसवण्यासारखं आहे. त्याची पद्धत वेगळी. जिथे बसून माणूस ऐकणार, त्या सोफ्यावर आधी वूफरला बसवायचं, गाणं लावायचं आणि आपण खोलीभर रांगत फिरायचं. ज्या कोपऱ्यात खालचा आवाज गोल, भरदार लागेल ती वूफरची जागा. मग अदलाबदल करायची, वूफर कोपऱ्यात आणि माणूस सोफ्यावर. "उभ्याने नाही कळत गं. तो जमिनीवर राहतो, त्याला भेटायचं तर आपण खाली जायला नको?" असं म्हणून तो घरमालकालाही रांगायला लावतो. अंधेरीला एका बँकेतल्या बड्या साहेबाबरोबर तो असाच सोफ्यामागे रांगत असताना साहेबांच्या सासूबाई चहा घेऊन आल्या, दोघांकडे बघितलं आणि चहासकट परत गेल्या. मामाला दुःख झालं ते चहाचं.

त्याच्या शर्टाच्या खिशात कायम टिकल्यांचं पाकीट असतं. मरून रंगाच्या, मोठ्या. तुम्हाला वाटतंय तसं काही नाही. वूफर घुमायला लागला की भिंतीवरच्या तसबिरी थरथरतात आणि भिंतीला आपटून टकटक करतात. मामा प्रत्येक तसबिरीच्या मागच्या कोपऱ्यांना टिकल्या चिकटवतो आणि टकटक बंद. बोरीवली स्टेशनाबाहेरच्या टिकल्यावाल्याने एकदा कौतुकाने विचारलं, "वहिनींना हाच रंग आवडतो का?" तर मामा म्हणाला, "नाही हो, आजोबांना लावायच्यात." तेव्हापासून तो टिकल्यावाला मामाशी फार जपून बोलतो. शिवाय मामाचा एक नियम आहे, आधी खालच्या मजल्यावर चहा आणि मग वरच्या मजल्यावर आवाज. वर गाणं लावून तो खालच्यांकडे जाऊन बसतो आणि छताकडे कान लावतो. खाली धडधड पोचत असेल तर मामीच्या योगा मॅटचा एक तुकडा कापून वूफरखाली जातो. मामीची मॅट आता पाटाएवढी उरलीय. पण आवाज कमी करणं, छे! जागा बदलेल, मॅट कापेल, टिकल्या लावेल, पण ते आवाजाचं बटण डावीकडे फिरवणार नाही. मामीने सांगून पाहिलं, सोसायटीच्या सेक्रेटरीने सांगून पाहिलं. "कमी करायचा तर आणायचा कशाला?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

माझ्या बाबांचं आणि त्याचं याच एका गोष्टीवरून कधी जमलं नाही. बाबा सोसायटीच्या भजनी मंडळात तबला वाजवायचे. मामाच्या वूफरला ते पिठाची गिरणी म्हणत. "काय, आज ज्वारी की बाजरी?" असं विचारूनच त्याच्या घरात पाऊल टाकत. मामा आईचा धाकटा भाऊ, तो भावोजींना उलट काय बोलणार? हसायचा आणि बटण अजून थोडं उजवीकडे सरकवायचा.

मग बाबांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. मशीन लावलं तर म्हणाले, गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं लागतं. एक दिवस ते मशीन काढून ठेवलं, तबला-डग्गा कापडात गुंडाळून कपाटावर टाकला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. मंडळातली माणसं बोलवायला आली, तर झोपेचं सोंग घेतलं. टीव्ही नाही, गाणं नाही, आमच्याशीसुद्धा हो-नाहीपलीकडे बोलणं नाही. "घरात आता फक्त कुकर बोलतो गं," असं आई मला फोनवर म्हणाली. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की वरचे सूर बरेच गेलेत, खालचे मात्र पुष्कळ शाबूत आहेत. हे मी मामाला सहज म्हणून सांगितलं. तो काही बोलला नाही. मामा बोलत नाही तेव्हा समजायचं, वाट लागली.

रविवारी सकाळी मी आई-बाबांकडे आले होते, तेवढ्यात खाली रिक्षा थांबली. सीटवर मामाचा स्वतःचा वूफर चादरीत गुंडाळून ऐसपैस बसलेला आणि मामा कडेला अर्धा बाहेर. वॉचमनने आणि मी मिळून ते धूड वर आणलं. मामाने आधी खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेनकडे चहा घेतला, वर येऊन आमच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला एकच जाड वायर जोडली आणि बटण दाबलं. वूफर गाण्याआधीच हूंऽऽ करून गुरगुरायला लागला. मामाने टीव्हीच्या केबलची पिन उपटली, गुरगुर थांबली. ती त्या केबलमधूनच येते, सोपं आहे म्हणे. मग तो बाबांसमोर उभा राहिला आणि त्यांच्या कानाशी ओरडला, "भावोजी, उठा! खुर्ची वूफरला हवीय."

"माझी खुर्ची? त्या गिरणीला?" कित्येक दिवसांत बाबा पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य बोलले.

ते काही उठेनात. आई म्हणाली, उठा हो. मी म्हटलं, उठा ना. नाही म्हणजे नाही. मग मामाने आयुष्यात पहिल्यांदा पद्धत उलटी केली. बाबा खुर्चीतच राहिले आणि मामा तो खोका ढकलत खोलीभर रांगायला लागला. मोबाइलवरून काहीतरी भजन लावलं होतं. बाल्कनीच्या दारापाशी थांबून त्याने विचारलं, "लागतं?" बाबांनी मान हलवली, नाही. चपलांच्या स्टँडजवळ नाही. टीव्हीखाली नाही. मामा घामाघूम झालेला, गुडघे कुरकुरतायत. "राहू दे रे," आई म्हणाली, "उगाच स्वतःचे हाल करतोस." मलाही रडू यायला लागलं होतं, खरं सांगते. मामाने ऐकलंच नाही. कपाटाच्या आणि स्वयंपाकघराच्या दारामधल्या बोळकांडीत त्याने वूफर सरकवला आणि वळून बघितलं.

बाबांनी मान हलवली नाही. त्यांचं डावं मनगट खुर्चीच्या हातावर घसरलं, डग्ग्यावर घसरावं तसं. एकदा, मग पुन्हा. आणि मग माझे सत्तरी ओलांडलेले बाबा खुर्चीतून उठले, खाली बसले आणि रांगत मामाच्या शेजारी गेले. लादीवर हात टेकून ऐकत राहिले.

"डग्गा फार चढलाय," ते म्हणाले. "कोण वाजवतंय रे हे?"

"तुम्हीच!" मामा ओरडला. "आपल्या सोसायटीच्या गणपतीतलं भजन. मीच टेप केलं होतं."

बाबांनी त्याच्याकडे रागाने बघितलं. "तरीच! तेव्हाच बजावलं होतं तुला, माइक डग्ग्याजवळ ठेवू नकोस म्हणून. कमी कर."

मामाने हात पुढे केला आणि बटण डावीकडे फिरवलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. "अजून," बाबा म्हणाले. अजून डावीकडे. "हां. आता बरोबर." आईने पदर डोळ्यांना लावला होता आणि मी सरळ मामाच्या घामेजलेल्या पाठीला मिठी मारली. असा मामा कुणाला असेल तर दाखवा.

वूफर त्याने परत नेलाच नाही. "तुला शांतता हवी होती ना," असं मामीला म्हणाला म्हणे. कपाटावरचा तबला खाली आलाय, बाबा बोलतात, मुख्य म्हणजे भांडतात. रांगल्याने दुखावलेले गुडघे घेऊन मामा दर रविवारी येतो, आमच्या तसबिरींमागच्या टिकल्या तपासतो आणि बाबांशेजारी बसून बाबांना हवा तेवढाच, मापात घुमणारा डग्गा मुकाट्याने ऐकतो. त्याच्या घरी आता तेवढा आवाजही नाही. पण तो चपला घालायला लागला की बाबा खुर्चीतून उठतात, बोळकांडीत वाकतात आणि बटण पार उजवीकडे फिरवतात. "थांब," म्हणतात, "जाताना पीठ घेऊन जा." मामा एका पायात चप्पल घालून, गाणं संपेपर्यंत दारातच डोळे मिटून उभा राहतो.